ठाकुरवाडीला पाठवा

मी घर सोडलं त्या दिवशी आबा मला पोचवायला फलाटावर आले नाहीत. ते ड्यूटीवर होते. माझे वडील ठाकुरवाडीला रेल्वेत पॉइंट्समन होते आणि ज्या गाडीनं मी मुंबईला शिकायला निघाले होते, तिला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा त्यांनाच लावायचा होता.

फलाटावर आई होती, धाकटा भाऊ वसंता होता आणि एक पत्र्याची ट्रंक होती. आईनं डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली. वसतिगृहात वास येईल, मुली नाकं मुरडतील, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "मुरडू दे. आपलं खाणं आपण लपवायचं नाय." नंतर गाडी येईपर्यंत माझ्या वेणीची रिबीन नीट करत राहिली, ती नीट असूनसुद्धा.

खंडाळ्याच्या घाटात न राहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. खंडाळ्याकडून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती थेट खाली पळत सुटेल. म्हणून ठाकुरवाडीला एक जादा रूळ आहे. तो डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि तिथंच संपतो. सांधा नेहमी त्या रुळाकडेच लावलेला असतो, कर्जतच्या रुळाकडे नसतो. म्हणजे येणारी प्रत्येक गाडी बेफाम सुटलेली आहे असंच धरून चालायचं. गाडीनं आधी पूर्ण थांबायचं, शिट्टी द्यायची, मगच पॉइंट्समन तिला खालची वाट करून देणार. आबा म्हणायचे, "थांबून दावंल ती गाडी आपली. नाय थांबली ती डोंगराची."

माझी गाडी आली, थांबली, मी चढले, शिट्टी झाली. आबा सांध्याच्या केबिनच्या पायरीवर आले आणि त्यांनी हिरवा बावटा धरला. रोज सगळ्या गाड्यांना धरत तसाच. जरासुद्धा जास्त हलवला नाही. खिडकीकडे नजर वर करून पाहिलंही नाही. मी सतरा वर्षांची होते. त्या बावट्याचा मला फार राग आला, आणि तो राग मी पुढं पुष्कळ वर्षं जपून ठेवला.

छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी पाच वर्षांची होते. कोनाड्यातले देव गेले आणि त्या जागी माझी पाटी आली, एवढं मला स्वच्छ आठवतं. शाळा कर्जतला. जाताना उताराची गाडी, येताना चढाची, आणि मागून ढकलणाऱ्या इंजिनाच्या धक्क्यावर पाढे पाठ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिक झालं नव्हतं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते सांगताना मला आजही बरं वाटतं, आणि बरं का वाटू नये?

नोकरी लागली ती मुंबईतल्या एका कॉम्प्युटर केंद्रात. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एक खोलीभर यंत्र. माहिती जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून त्याला भरवायची. आधी मी ती भोकं पाडायला होते. दोन वर्षांत परीक्षा दिली आणि यंत्रानं काय करायचं ते लिहून देणाऱ्यांत, म्हणजे प्रोग्रॅमरांत गेले. घरी कुणाला हे समजावता येईना. आईनं शेजारणींना सांगितलं, सुमी मोठ्या टाइपरायटरवर हाय. ते मी तसंच राहू दिलं.

वसंता रसायनीच्या एका कारखान्यात लागला होता आणि युनियनमध्ये होता. मी सुट्टीला गेले की तो पहिला टोला हाणायचा. "ताय, तुजं मशीन आमच्यातल्या किती जनांना घरी बशिवनार गं?" तेव्हा सगळीकडे हेच बोलणं होतं. बँकांत, विम्यात, कचेऱ्यांत मोर्चे निघत होते. मी त्याला वेगाचं, अचूकपणाचं, पुढच्या जगाचं सांगायची. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र देत नव्हते. ते मला ठाऊकही नव्हतं.

एकदा आबा मुंबईला आले आणि मशीन दाखव म्हणाले. साहेबांची परवानगी काढली. खोली थंडगार ठेवलेली, धूळ चालत नसे, म्हणून दारात चपला काढायच्या. आबांनी चपला काढल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी द्येव सोडलं आन् तू देवळात कामाला लागलीस व्हय?" पंच करणाऱ्या मुली खो खो हसल्या. मीही हसले, पण जरा ओशाळून.

मी त्यांना कार्डं कशी आत जातात ते दाखवलं. गठ्ठाच्या गठ्ठा फडफडत यंत्रानं गिळला आणि दुसऱ्या टोकाला छापील कागदाची घडीवर घडी पडायला लागली. आबा बराच वेळ बघत होते. मग रेल्वेतल्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "जोरात जातंय. पर यात थांबायची जागा कुटं हाय?"

मी म्हटलं, आबा, हे थांबत नाही, म्हणून तर घेतलंय.

ते म्हणाले, "मंग अवघड हाय," आणि चपला घालायला वळले. मला वाटलं, घाटातल्या माणसाला सगळीकडे घाटच दिसतो.

त्याच वर्षी आमच्याकडे परिचारिकांच्या परीक्षेचा निकाल लावायचं काम आलं. हातानं निकाल लावायला महिने जात. आम्ही आठवड्यात देऊ म्हणून सांगितलं होतं. प्रोग्रॅम माझा. एकटीनं लिहिलेला पहिला मोठा प्रोग्रॅम, त्यामुळं माझे पाय जमिनीला लागत नव्हते. निकाल द्यायचा त्या दिवशी दुपारी चार वाजता परीक्षा मंडळाची माणसं यायची होती, चहापाणी होतं, फोटोवाला सांगून ठेवला होता.

सकाळी मी छापलेली यादी सहज चाळत होते. कोकणातल्या एका केंद्राचं पान आलं. त्या केंद्रातल्या एकूण एक मुली नापास. लेखी परीक्षेत कुणाला साठ, कुणाला बहात्तर, आणि प्रात्यक्षिकात सगळ्यांना शून्य. म्हणजे एकीलाही बाळंतीण हाताळता येत नाही? मी उठले, खोक्यातून त्या केंद्राचं एक कार्ड काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. प्रात्यक्षिकाच्या गुणांच्या जागी भोकंच नव्हती. गुण आलेच नव्हते. पंच करणाऱ्या मुलीनं जागा कोरी सोडली होती, ती बरोबरच होती. पण माझा प्रोग्रॅम कोरी जागा शून्य म्हणून वाचत होता. 'माहीत नाही' असं यंत्राला म्हणता येत नव्हतं, कारण मी त्याला ते सांगितलंच नव्हतं. आलेलं प्रत्येक कार्ड धडधाकट आहे असं धरून मी सगळ्यांना खालची वाट मोकळी ठेवली होती. पॉइंट्समनची मुलगी असून.

आमचे मुख्य कामत साहेब. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या मुश्किलीनं हे काम त्यांनी आणलं होतं. मी कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं. ते म्हणाले, एकच केंद्र आहे, आज यादी देऊन टाकू, महिनाभरात दुरुस्ती पाठवू. वाजवी वाटण्यासारखंच होतं ते. पण मला त्या मुली दिसत होत्या. नापास झालेली पोर दुरुस्तीची वाट बघत वसतिगृहात राहत नाही. बाप येतो आणि ट्रंक उचलून तिला घरी नेतो. दुरुस्तीचा कागद येईपर्यंत तिचं लग्न ठरलेलं असतं. माझ्या वसतिगृहातून अशा दोघी गेल्या होत्या.

साहेब म्हणाले, "सुमनबाई, पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचं आहे. मशीन चुकत नाही असं सांगून मी हे काम आणलंय. आज चार वाजता मी काय सांगू?"

त्या नोकरीवर माझं मुंबईत राहणं होतं. ती गेली असती तर ट्रंक घेऊन परत ठाकुरवाडी. मी म्हटलं, "मशीन चुकलं नाही साहेब. मी चुकलेय. तसंच सांगा. पण ही यादी माझ्या सहीनं जाणार नाही."

मग कार्ड त्यांनीही उजेडाकडे धरलं, आणि फोन उचलला.

फोटोवाला चहा पिऊन परत गेला. त्या केंद्राचे गुण मंडळाच्याच कचेरीत, भलत्या गठ्ठ्यात सापडले. चौथ्या दिवशी निकाल लागला. त्या केंद्रातल्या सगळ्या मुली पास झाल्या, एक सोडून. ती खरोखरच नापास होती, आणि तेही बरोबर लागलं याचं मला समाधान होतं. मला कायम करणं मात्र सहा महिने पुढं गेलं. ते मी निमूट सोसलं. चूक माझीच होती.

मग बसून मी प्रोग्रॅमला एक जादा रूळ जोडला. कार्ड आलं की आधी थांबायचं. सगळ्या जागा भरलेल्या आहेत का, गुण शंभराच्या वर नाहीत ना, केंद्र खरं आहे ना, हे दाखवल्याशिवाय पुढं वाट नाही. जे दाखवू शकणार नाही ते पासही नाही आणि नापासही नाही. ते वेगळ्या यादीवर काढायचं आणि माणसानं डोळ्यांनी बघायचं. त्या तुकड्याला नाव द्यायला इंग्रजी सहाच अक्षरं मिळत, म्हणून मी 'ठाकुर' एवढंच लिहिलं. बोलताना सगळे पूर्ण नाव घ्यायला लागले. "आज किती गेले गं ठाकुरवाडीला?" "हे गिऱ्हाईकच ठाकुरवाडीला पाठवा." कामत साहेब पुढं नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावायचे, आधी ठाकुरवाडी लिहा, बाकीचं नंतर.

सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही काही जण नव्या नोकरीसाठी बंगलोरला आलो. इथं भाजीवालीशी मी कन्नडमध्ये भांडते आणि हिशेब मराठीत करते. खोलीभर पसरलेलं यंत्र आता टेबलावर बसतं आणि चपला काढाव्या लागत नाहीत. रेल्वेची तिकिटंसुद्धा मुंबईत कॉम्प्युटरवर मिळायला लागली. आमच्यातली निम्मी मुलं अमेरिकेतल्या नोकरीच्या चिठ्ठीची वाट बघत असतात. मागं एक तमिळ मुलगा त्याच्या सोबत्याला सांगत होता, हे सरळ ठाकुरवाडीत टाक. मी विचारलं, ठाकुरवाडी म्हणजे काय रे? म्हणाला, मॅडम, तो कॉम्प्युटरमधला जुना शब्द आहे, बहुतेक जपानी असावा. मी त्याला चहा पाजला आणि घाट सांगितला.

आबा निवृत्त व्हायच्या सुमारास त्यांच्या केबिनमध्ये नव्या यंत्रणेची बोलणी सुरू झाली. गाडी थांबली की नाही हे यंत्रच ओळखणार आणि सांधाही तेच लावणार. वसंतानं मला पत्रात लिहिलं, आता तुझं मशीन आपल्याच घरी आलं. मी लगेच रजा काढून गेले. आबा अंगणात बसून विळ्याला धार लावत होते. म्हणाले, मोजमाप घ्यायला साहेब आले होते, मी त्यांना एकच विचारलं.

"काय विचारलंत?"

"मशीन बंद पडलं तर सांधा कुनीकडं ऱ्हातो? म्हनले, डोंगराकडं. म्हनलं, मंग बेस हाय. बसवा."

वसंता तिथंच होता. तो म्हणाला, "आन् पॉइंट्समनचं काय आबा?" आबा म्हणाले, त्याचं तुमच्या युनियननं विचारायचं, मी गाडीचं विचारलं. वसंताचा प्रश्न अजून खरा आहे. मी आता त्याला टाळत नाही. कुठल्याही नव्या कामाच्या बैठकीत मी दोन प्रश्न घेऊन बसते, एक बापाचा आणि एक भावाचा. त्यानंही त्याच्या मुलीला कर्जतला कॉम्प्युटरच्या वर्गात घातलंय. मला म्हणाला, तिला तुज्यासारकी करू नको, थोडी कमी भांडकुदळ कर.

गेल्या महिन्यात गावी निघाले होते. बंगलोरची गाडी खंडाळ्यावरून उतरते. ठाकुरवाडीला ती थांबली, तिथं तिचा थांबा नसूनसुद्धा. समोरच्या बाई वैतागून म्हणाल्या, या जंगलात काय आहे थांबण्यासारखं? मी दारात जाऊन उभी राहिले. आमची खोली दुसऱ्याच्या नावावर आहे, दोरीवर कुणा दुसऱ्याचे कपडे होते. शिट्टी झाली. नवी यंत्रणा अजून कागदावरच होती. केबिनच्या पायरीवर एक अनोळखी तरुण आला आणि त्यानं हिरवा बावटा धरला. सरळ, न हलवता. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माझं घर आता एवढंच उरलंय आणि पुरेसं आहे. जगात एक जागा अशी आहे, जिथं कितीही घाईची गाडी असो, तिला आधी थांबावं लागतं, आणि ती जागा माझ्या बापानं सांभाळली होती.

कर्जतला पोचले. निवृत्तीनंतर आबा तिथंच राहतात. जेवणं झाल्यावर इतक्या वर्षांचा तो राग शेवटी काढला. म्हटलं, आबा, मी पहिल्यांदा घर सोडून चालले होते. बावटा जरा जास्त हलवला असता तर काय बिघडलं असतं?

आबांना आठवत होतं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"हलिवला आस्ता गं सुमे," ते म्हणाले. "पर माजं ध्यान तुज्याकडं गेलं आस्तं, आन् तुज्या डब्याच्या मागं आनकी आट डबं हुतं. त्येंच्यातबी कुनाकुनाच्या पोरी आस्तीलच की."