आईचा डावा डोळा

शाळेत तार आली तेव्हा मी सातवीच्या मुलींना फळ्यावर कपबशी काढून दाखवत होते. शिवा गेला, एवढंच होतं तिच्यात. शिवा म्हणजे माझा धाकटा भाऊ. सांगलीत सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. मुलींना म्हटलं, बशी पुरी करा... आणि तशीच एसटी स्टँडवर गेले. त्याला आता दीड महिना झाला.

चित्रांचा नाद आम्हा दोघांना लावला आईनं. पलूसजवळच्या आमच्या घराच्या भिंतीवर ती गेरूनं मोर काढायची आणि पिसारा आम्हाला अर्धा अर्धा वाटून द्यायची. माझी पिसं मापात, शिवाची सुटलेली. पुढं मी साताऱ्याला चित्रकलेची बाई झाले आणि तो गावातच राहिला, आईजवळ.

आईला लहानपणी देवी आल्या तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. जत्रेत फोटोवाला दिसला की ती पदर ओढून झपाझप पुढं निघायची. त्यामुळं दुष्काळाच्या साली ती गेली तेव्हा घरात तिचा एक फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला पाटावर ठेवायला तसबीर तर हवी, म्हणून शिवानं तेलरंगात चित्र करायला घेतलं. माझा तोंडवळा आईचा, म्हणून आठवडाभर मला दारात बसवून ठेवलं. चित्रात आई अगदी बोलेल अशी उतरली. पण तो पांढरा डोळाही त्यानं तसाच काढला होता.

जे आईनं जन्मभर लपवलं ते आपण हार घालून पाव्हण्यांना दाखवायचं? श्राद्धाच्या आदल्या दिवशी शिवा बाजाराला गेला आणि मी त्याच्याच ब्रशनं तो डोळा नीट केला. नीट! अजून तोच शब्द येतो तोंडात.

दुसऱ्या दिवशी हार घालायला तो पुढं झाला आणि थबकला.

"आक्का, ही आई न्हाई. ही तू हाईस."

मी सगळ्यांदेखत बोलले, "आईची अब्रू राखली मी. तुला काय, नुसता रंग फासायचा." त्यानं हार माझ्या हातात दिला, पिशवी उचलली आणि जेवायलासुद्धा न थांबता सांगलीची गाडी धरली.

तीन वर्षं गेली. किती पत्रं लिहायला घेतली आणि फाडली... मोठी होते ना मी! सातारा-सांगली म्हणजे काही विलायत नव्हे. तरी गेले नाही.

गेले ते तार आल्यावर. खोलीवर दादू पेंटर होते, त्याच्यासोबत राहणारे. म्हणाले, "कावीळ लय अंगावर काढली बगा त्यानं. म्हटलं, आक्काला कळवतो. तर म्हणाला, नगं, ती रागवंल."

भिंतीला एकच कागद होता, कोळशानं काढलेला. मी होते. पुढचा पडलेला दात, गालावरचा वण, नाकावर घसरलेला चष्मा... काही म्हणता काही सोडलेलं नाही. समोर न बसवता, नुसतं आठवून काढलेलं. बोट वर, तोंड उघडं. त्याला रागावतानाची मी.

तो कागद आता साताऱ्याला माझ्या खोलीत आहे. शाळेतून आले की त्याच्यासमोर उभी राहते. म्हणते, चुकलं रे शिवा, माझं चुकलं...

चित्रातली मी त्याला रागावतेच आहे.