सुरुंगानंतरच्या कोंबड्या

कारखान्यातली नोकरी सुटल्यावर उर्स्याजवळच्या आमच्या शेतात मी अंड्यांसाठी कोंबड्या पाळायला घेतल्या. खरं तर पाळल्या बायकोनं. मी खाद्य आणायचो आणि अंडी तळेगावात पोचवायचो. ती शेडमध्ये शिरली की कोंबड्या तिच्या पायांत घोटाळायच्या, अन् ती त्यांच्याशी लेकीबाळींशी बोलावं तशी बोलत राहायची.

खडीच्या खाणीसाठी शेजारचा डोंगर फोडायला सुरुवात झाली त्या दुपारी आम्ही जेवत होतो. भोंगा वाजला, मग सुरुंग उडाला. फळीवरची भांडी हादरली. शेडमधून एकच कालवा उठला. धावत गेलो, तर सगळ्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून त्यांचा ढीग झालेला. बायको दोन्ही हातांनी त्या उपसून काढू लागली. वरच्या जिवंत निघाल्या. तळच्या गुदमरून गेल्या होत्या, अंग अजून गरम होतं.

उरलेल्या कोंबड्या आधी कवचच नसलेली अंडी घालू लागल्या. हातात घेतली की लिबलिबायची. मग तीही बंद झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं. म्हणाले, "रोग नाही, भीती बसलीय. आवाज थांबेपर्यंत औषधाचा उपयोग नाही."

मी खाणीवर गेलो. तिथला मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा पाजला.

"काका, कोंबड्यांसाठी काम कोण थांबवणार? साहेबांना सांगितलं तर मलाच हसतील."

बायकोनं शेडला गोणपाटं बांधली. भोंगा झाला की ती आत जाऊन त्यांच्यात बसायची. पण आता त्या तिलाही भ्यायच्या. पुढं एकमेकींना टोचायला लागल्या. एखादीच्या अंगावर रक्त दिसलं की बाकीच्या तिच्यावर तुटून पडायच्या.

"आवो, देऊन टाका ह्यास्नी," एक दिवस ती म्हणाली. "रोजचं मरान बगवत न्हाई."

व्यापाऱ्याची गाडी आली. पाय धरून, उलट्या लटकवून तो कोंबड्या पिंजऱ्यात कोंबत होता. एकही ओरडली नाही. बायको घरातून बाहेर आली नाही.

पुढं खाण बंद झाली. मी पुन्हा पिल्लं आणायचा विषय काढला.

"आता सुरुंग न्हाईत," मी म्हणालो.

"न्हाई आणायची," ती एवढंच बोलली आणि भाजी चिरत राहिली. शेडमध्ये आता सरपण असतं. चुलीसाठी ते तिथून आणायलाही मीच जातो.