तांब्याची वेप

इथे परदेशात, ट्रुगानिनात, आमच्या शेजारी राहणारा हा माणूस दर शनिवारी दुपारी गॅरेजचं शटर अर्धं वर करून आपली तांब्याची वेप, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटची नळी, घासत बसतो. आधी पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, मग चिंच, शेवटी जुन्या बनियनचा तुकडा. मग एक झुरका मारतो आणि लगेच नळी उन्हात धरतो. "बोटं उमटली यार," म्हणतो, की पुन्हा पेपर हातात. ह्याला ओढायची हौस आहे की घासायची, ते मला कळत नसे.

दसऱ्याला सोनं द्यायला गेले, तर त्यांच्या देवघरापुढे ड्रिल, लॅपटॉप आणि मधोमध ती नळी, हळदकुंकू लावून उभी. पूजा कराडहून आलेल्या त्याच्या आईंनी मांडली होती. "एवढा राबतो हिच्यावर," त्या कौतुकाने म्हणाल्या, "म्हणजे पोटापाण्याचं अवजार हेच असणार ना?" तो माझ्याकडे बघायचं टाळत होता.

पुढच्या शनिवारी शटर नेहमीसारखं अर्धं वर. तो नळी घासत होता, पण कुंकवाचं बोट तेवढं वगळून.

"आज झुरका नाही?" मी विचारलं.

"कसा मारू?" तो म्हणाला. "हिच्या पाया पडलोय मी."