आधी शेजारणीला विचारा

शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असली की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते आपणच कंपाऊंडवरून उडी मारून अंगणात येतात. आता आलेल्याला हाकलायचं कसं? मी बसवून घेते, चहा पाजते आणि पुढच्या घरी पोचवून देते. सासरी, पिपरी मेघेत येऊन मी एवढी एकच समाजसेवा केली आहे!

*

हा गुण माहेरचा. माझं माहेर सिंदी रेल्वे नावाच्या गावातलं. आमच्याकडे सोयरीक पुढे नेण्याआधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येतं आणि मुलीच्या शेजारणीला विचारतं, "पोरगी कशी हाये?" आमच्या ओळीतली ती शेजारीण म्हणजे माझी आई.

पलीकडच्या घरी एक भांडखोर पोरगी होती. तिची चौकशी आली तेव्हा मी आईच्या मांडीला टेकून बसले होते. आता आई काय बोलते म्हणून मी कान टवकारले. आई म्हणाली, "आवाज मोठा हाये. वावरातून हाक मारली तं घरी ऐकू येते."

पाहुणे शेतकरी होते. खूश होऊन गेले! खोटं एक अक्षर नाही आणि लग्नही जमलं. आई नंतर मला म्हणाली, "लोकाच्या पोरीबद्दल बोलतानी ते पोरगी समोर बसून आयकून राह्यली, असं समजून बोलाचं."

त्या दिवशी माझं ठरलं. शाळेत बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी डॉक्टर म्हणालं, कुणी कलेक्टर. मी उभी राहिले आणि ठासून सांगितलं, "शेजारीण!"

*

वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं माहीत नाही, माझं स्वप्न मात्र पूर्ण झालं. दहावीनंतर लग्न झालं, इथे आले आणि लगेच कामाला लागले. रस्त्यावर जरा गाडी थांबली की मी तांब्या घेऊन तुळशीपाशी. कोण आलं, कोण गेलं, हातात पिशवी कसली, सगळं बघून होईपर्यंत पाणी घालत राहायचं.

तुळस कुजली. दुसरी लावली, तीही कुजली.

आमचे हे ऑफिसला निघता निघता म्हणाले, "तिसरी लावू नको. ओट्यावर खुर्ची टाकून देतो, सरळ बसून पाह्य!"

*

तर अशी मी, आणि माझ्याच शेजारी सुनंदा वहिनींची ऋतुजा लग्नाची झाली. हिंगणघाटचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर चांगलं. म्हणजे चौकशीला कुणीतरी येणार, आणि येणार ते माझ्याकडेच! मी नवीन कप काढून ठेवले.

फक्त एक अडचण होती. ऋतुजाला पोलीस भरतीत उतरायचं होतं. पोरगी रोज पहाटे ग्राउंडवर धावते.

वहिनी भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "मंगलाताई, धावण्याचं नाव काढू नका हं. स्थळ गेलं तं तुमचं-माह्यं बोलणं बंद!"

त्या आत गेल्या आणि ऋतुजा आली. "काकू, लपवून लग्न लागन, पण लपून धावता येते का? धावते म्हणून सांगजा. नंतर घरात बसवलं तं मी काय करू?"

आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली, तो आला आणि मी नवीन कप परत कपाटात ठेवले.

*

दोन दिवसांनी एक बाई वहिनींच्या घराकडे बघत बघत आली. खांद्याला पर्स, चेहरा गंभीर. मी ओळखलं! आत घेतलं, पोहे केले आणि सुरू झाले. ऋतुजाच्या हातची पुरणपोळी, ऋतुजाचं शिवणकाम, ऋतुजाचे संस्कार. धावण्याजवळ आले की वळण घेऊन परत पुरणपोळीवर.

बाईंनी पोहे संपवले, चहा संपवला, अंगणात चक्कर मारली आणि जाताना म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे ताई. पण तुमच्या टाकीत डासाच्या अळ्या आहेत."

*

खरी चौकशी आली ती मुलाच्या आत्याच्या रूपात. पोहे नकोत म्हणाल्या. इथून जवळच बोरगावला नातेवाइकांकडे उतरल्या होत्या. खुर्चीवर ताठ बसून त्यांनी सरळ विचारलं, "पोरगी कशी हाये?"

माझं पाठ केलेलं सगळं भाषण पळून गेलं. पुरणपोळीसुद्धा आठवेना. तोंडातून एकच शब्द निघाला, "धावते."

"कोनापासून?"

"कोनापासून नाई हो! पोलिसात जाचं हाये तिले. पहाटे ग्राउंडवर जाते. लग्न झाल्यावर बी धावन म्हणते." एकदा सुटले की मी थांबते कुठे? "आन पोरगी खरंच गुणाची हाये, पण तिले बसवून ठेवाचं असन तं दुसरं घर पाहा."

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. "किती वाजता जाते?" एवढंच विचारलं आणि अर्धा चहा टाकून निघून गेल्या.

वहिनींनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी त्यांनी आमच्या दोरीवरचे त्यांचे कपडे काढून नेले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ह्यांचे बूट घालून ग्राउंडवर गेले. मॉर्निंग वॉकला! पाहते तर कडुनिंबामागे तोंडाला स्कार्फ बांधून सुनंदा वहिनी उभ्या. "तुम्ही काऊन आल्या?" म्हटलं. "वॉकले," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी एकाच झाडामागे उभ्या राहिलो.

पायरीवर आत्याबाई बसलेल्या. आणि ग्राउंडवर, पँटीत शर्ट खोचून, नवे कोरे जोडे घालून, फोटोत पाहिलेला तो हिंगणघाटचा मुलगा धावत होता. धावत म्हणजे काय, कंबरेला हात लावून कसाबसा पुढे सरकत होता. ऋतुजा मागून आली, त्याच्या बाजूने गेली आणि एक फेरा मारून परत त्याच्या मागे आली. ह्या वेळी मात्र तिने त्याच्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला. त्याच्याबरोबर चालायलाच लागली म्हणा ना.

वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात आत्याबाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि अख्ख्या ग्राउंडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "तू काऊन हळू झाली वं पोरी? तू धाव! हा येईन मागून!"