भगतकाकांचा रकाना

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बहिणीले नाही, बापाले तर नाहीच नाही. मंग तुलेच काऊन सांगून राह्यलो? मलेच कळत नाही बाप्पा.

चिखलीत बस स्टँडमागं भाड्याची खोली, त्यात मी, पंखा अन् लॅपटॉप. काम काय, तर बंदरातलं जहाज धक्का कधी सोडीन, याचा अंदाज मशीनले शिकवायचा. दुसरबीडचा गडी, समुद्र निस्ता फोटोत पाह्यलेला! बाप गावभर सांगे, "आमचं पोट्टं बसल्या जागी जहाजं हाकते." हसू येते न? मलेही यायचं.

मशीनले जुन्या नोंदी द्यायच्या — जहाज कधी आलं, भरती कधी, माल किती — त्यातून ते शिकते. त्यात एक रकाना होता, सुटण्याच्या अंदाजे वेळेचा. तो बंदरातले भगतकाका भरायचे. कारकून माणूस, निवृत्तीले दोन वर्षं राह्यलेली. तुम्ही हे ठरवता कसं, असं मी एकदा फोनवर विचारलं होतं. "खिडकीतून बघतो रे बाळा. खलाशी वाळत घातलेले कपडे काढायला लागले, की जहाज निघालंच समज."

माहं मशीन असं बरोबर सांगू लागलं, की बंदराचा साहेब खूश! मंग काका चार दिवस आजारी पडले. रकाना कोरा — अन् मशीन आंधळं. मी तो रकाना काढून जुन्या नोंदींवर पुन्हा चालवून पाह्यलं. तेच, सारे अंदाज चुकीचे. म्हणजे ते शिकलं काय होतं? काहीच नाही. काकांचं पाहून लिहत होतं, परीक्षेत कॉपी करतात तसं.

हे फक्त मले माहीत होतं. अन् त्याच हप्त्यात साहेबानं मीटिंगमधी सरळ विचारलं, हा कारकून नसला तरी चालीन न? मी — थांब, सांगतो — मी "हो" म्हणलं. भीतीनं? मोठेपणासाठी? बापाच्या त्या जहाजांसाठी? तवा डोक्यात निस्ता गोंधळ होता, आजही हाय. "हो" म्हणलं, एवढं खरं.

काकाइले दोन वर्षं आधीच घरी बसवलं. दुसऱ्याच दिवसापासून अंदाज चुकू लागले, महिनाभरात जहाजं बंदराबाहेर खोळंबली. साहेबानं कारण लेखी मागतलं. मी लिहलं — कारकुनाच्या जुन्या नोंदी सदोष होत्या. दोनदा विचार केला असीन, असं वाटते तुले? नाही केला. तेच तर समजत नाही मले.

तो कागद फिरत फिरत काकांपर्यंत गेला. त्याइचा फोन आला. शिव्या खायची तयारी ठेवूनच उचलला मी. पण आवाज एवढासा.

"बाळा, तुझं मशीन काही खोटं बोलायचं नाही. इतकी वर्षं मी चुकीचंच लिहीत होतो का रे?"

एक "नाही" म्हणायचं होतं, बस. तिथं ना साहेब होता, ना मीटिंग. कोणी ऐकत नव्हतं.

"हो काका," मी म्हणलं. "होतं असं."

"बरं झालं, तूच सांगितलंस," ते म्हणाले, अन् फोन ठेवला.

नंबर अजून हाय माह्याजवळ. लावला नाही.