नलिनीचा डिपेंडंट

आखातात राहून आलेल्या माणसाकडे किस्से साठतातच. माझ्याकडे सलालाचे आठ वर्षांचे आहेत. सलाला म्हणजे ओमानच्या दक्षिण टोकाचं शहर. तिथल्या एका हॉस्पिटलात माझी बायको नलिनी नर्स होती.

पूर्वी भाईंदरजवळच्या आमच्या बेव्हर्ली पार्कच्या घरी कोणी चहाला आलं की आम्ही दोघं मिळून सांगायचो. सुरुवात माझी. मग मध्येच ती म्हणायची, "अहो, असं नव्हतं!" आणि किस्सा माझ्याकडून काढून घ्यायची. शेवट कायम तिचा.

नलिनी गेली त्याला चौदा महिने झाले. परवा शेजारच्या नया नगरचा इक्बालभाई आला होता. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त माझा. म्हणाला, "शशीभाऊ, भाभी का कोई किस्सा सुनाओ ना." मी सुरुवात केली आणि सवयीने मध्येच थांबलो. "असं नव्हतं" म्हणायला कोणी नव्हतं.

तेव्हा आता शेवटापर्यंत मलाच सांगायचंय. चुकलं तर चुकलं.

*

सलालाला नोकरी तिला लागली होती, मला नाही. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. कारखाना बंद पडला आणि मी केबिन रोडवरच्या आमच्या खोलीत दिवसभर पेपर वाचत बसू लागलो. त्याच पेपरात नर्सच्या भरतीची जाहिरात होती. मीच तिला दाखवली.

इंटरव्ह्यूत आमच्या बाईसाहेबांनी पगार नंतर विचारला. आधी विचारलं, "नवऱ्याला नेता येईल का?"

खास परवानगी मिळाली आणि मी तिचा डिपेंडंट झालो. आता डिपेंडंट म्हणजे बायकोच असणार, अशी व्हिसाचं कार्ड टाइप करणाऱ्याची समजूत. त्याने माझ्या कार्डावर व्यवसाय टाकला, हाऊसवाइफ!

सलालाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने कार्ड बघितलं. माझ्या मिशा बघितल्या. परत कार्ड बघितलं. "यू... हाऊसवाइफ?"

मी म्हटलं, "येस सर."

मागून नलिनी म्हणाली, "अहो, लाजताय काय? घरी पोचल्यावर कामाला लागायचंच आहे."

*

आणि लागलो. ती सकाळी साडेसहाला ड्यूटीवर जायची, मी घर बघायचो. आयुष्यात कधी चहाही केला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ठरवलं, आज हिला तांदळाची भाकरी करून घालायची. ती पेण तालुक्यातली, भाकरीशिवाय तिचं जेवण व्हायचं नाही. दुकानातून पांढऱ्या पिठाचं पाकीट आणलं. त्यावर सगळं अरबीत लिहिलेलं. पीठ भिजवलं तर कधी हाताला चिकटे, कधी दगड होई. कशीबशी एक भाकरी तव्यावर थापली.

नलिनी आली. हात धुऊन बसली. भाकरीचा तुकडा तोडायला गेली, तो तुटेना. ताणला, तर तो ताणला गेला! तिने पाकीट मागितलं, वास घेतला. ते मक्याचं कॉर्नफ्लॉवर होतं.

"अहो, ही भाकरी नाही. प्लास्टर आहे," ती म्हणाली. "उद्या डब्यात द्या, हाडांच्या वॉर्डात लागतंच."

पण खाल्ली हो तिने. अख्खी. मीठ लावून.

*

आमच्या खाली घरमालकीण राहायची. तिला सगळे उम्म सालेम म्हणत, म्हणजे सालेमची आई. साठी उलटलेली. हिंदीतले चार शब्द तिला यायचे, अरबीतले चार मला.

तिला एक कोडं पडलं होतं. बायको रोज कामावर जाते आणि हा धडधाकट पुरुष गॅलरीत कपडे वाळत घालतो! तिने विचार करून निष्कर्ष काढला की मी आजारी आहे. मोठं काहीतरी आहे, आणि नलिनी बिचारी लपवतेय.

तिथे धुपाची झाडं असतात. घरोघर धूप जाळतात आणि त्याने दुखणं जातं असं मानतात. दर गुरुवारी उम्म सालेम मातीचं धुपाटणं घेऊन जिने चढून यायची. मला खुर्चीत बसवायची. डोक्यापासून पायापर्यंत धूर द्यायची आणि पुटपुटत राहायची. मी खोकून बेजार. ती म्हणायची, "अच्छा! बाहर आता!" म्हणजे रोग बाहेर पडतोय!

मी नलिनीला म्हटलं, "तू नर्स ना? सांग की तिला मला काही झालेलं नाही."

नलिनी युनिफॉर्मला इस्त्री करत होती. वर न बघता म्हणाली, "सुरू केलेला कोर्स मध्येच सोडायचा नसतो."

*

सलालाला पावसाळ्याचे तीन महिने सगळे डोंगर हिरवे होतात. पाऊस म्हणजे नुसती भुरभूर आणि धुकं. बाकी आखातात तेव्हा आग पडत असते, त्यामुळे लोक हजार हजार किलोमीटर गाडी चालवत ते बघायला येतात. ओल्या गवतावर गालिचे टाकून बसतात. मुद्दाम भिजतात.

आम्हीही सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचो. एकदा शेजारी दुबईकडचं एक कुटुंब बसलं होतं. बाप लेकरांना चिखल दाखवत होता, "बघा, बघा!" आणि चिखलाचे फोटो काढत होता.

नलिनी किती तरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "आपण जन्मभर हे फुकटात बघितलं. वर कुरकुर करत!"

मी हसत होतो. ती डब्याचं झाकण लावत सहज म्हणाली, "पुढच्या वर्षी आपणही दाखवू हं."

मी म्हटलं, "कोणाला?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. डॉक्टर झाले होते, नवस झाले होते, आणि मग आम्ही दोघांनी तो विषयच बंद केला होता. म्हणून मला कळायला वेळ लागला. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि धुक्याने तिच्या केसांवर बारीक बारीक थेंब बसले होते.

मग मी त्या दुबईवाल्याला जाऊन मिठी मारली. बिचारा घाबरला! पण कारण कळल्यावर त्याने आम्हाला अर्धी कोंबडी दिली.

*

पुढचा किस्सा आम्ही कधी कोणाला सांगितला नाही. इक्बालभाईला परवा पहिल्यांदा सांगितला. तो म्हणाला, "इतने साल में ये नहीं बताया?" मी म्हटलं, "भाभीने मनाई केली होती."

मुलगी सातव्या महिन्यातच झाली. दोन दिवस होती. नलिनी ज्या हॉस्पिटलात नोकरीला होती तिथेच, तिच्याच मैत्रिणींच्या हातात. त्यांनी जे जे करता येईल ते सगळं केलं. मी तिला एकदाच घेतलं. माझ्या कोपरापासून तळहातापर्यंतसुद्धा पुरली नाही ती.

दफनासाठी कागद लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेलो. टेबलामागे एक वयस्कर गृहस्थ होते, भले होते. सावकाश इंग्रजीत एकेक विचारत होते. बापाचं नाव, आईचं नाव. मी सांगत होतो. मग त्यांनी विचारलं, इंडियात गाव कुठलं? माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी थोडं थांबून ती ओळ तशीच सोडली आणि पुढचा प्रश्न विचारला, बाळाचं नाव?

मी म्हटलं, "भाईंदर."

मागच्या प्रश्नाचं उत्तर होतं हो ते. तेवढ्यात आलं तोंडात.

"भा-यं-दर?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी नीट, सुबक अक्षरात लिहिलं. वर म्हणाले, "गुड नेम."

वॉर्डात येऊन कागद नलिनीच्या हातात दिला, तेव्हा तिने वाचलं. मीही तेव्हाच वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दे इकडे, आत्ता बदलून आणतो," म्हटलं.

तिने कागद सोडला नाही. "नको. राहू दे," म्हणाली. "तिला निदान घरचा पत्ता ठाऊक राहील."

आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

*

पेणला नलिनीच्या आईला आम्ही कळवलं नाही. वय झालेलं, रक्तदाब. जमेल तेव्हा सांगू, असं म्हणत राहिलो. आई तिकडे दिवस मोजत होती.

दोन-अडीच महिन्यांनी, आईच्या हिशोबाने दिवस भरले तेव्हा, अलिबागचा एक माणूस सुट्टीहून परत आला तो एक डबा घेऊन दारात उभा. आत डिंकाचे लाडू, आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली दोन दुपटी. एकावर कोपऱ्यात पोपट काढलेला.

तो माणूस चहा पिऊन "बाळ झोपलंय वाटतं?" म्हणाला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो गेल्यावर मी डबा कुठे लपवावा या विचारात उभा होतो. नलिनी उठून आली, डबा उघडला आणि एक लाडू हातात घेतला.

"नलू, कशाला?" मी म्हटलं.

"बाळंतीण तर मी आहेच ना," ती म्हणाली. "बाळ नाही, एवढंच."

रोज सकाळी एक, असे तिने ते सगळे लाडू खाल्ले. शेवटचा संपला त्या दिवशी खाली उम्म सालेमकडे जाऊन आईला फोन लावला. सांगितलं. मी शेजारी उभा होतो. आई काय बोलतेय ते मला ऐकू येत नव्हतं. शेवटी नलिनी म्हणाली, "हो आई. छान झाले होते. गूळ बरोब्बर पडला होता."

*

त्यानंतर दर वर्षी करार संपत आला की मी विचारायचो, "जायचं का आता परत?"

ती म्हणायची, "अजून एक वर्ष करू."

लोकांना वाटायचं, पगार सुटत नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही कुठे जातो, हे लोकांना माहीत नव्हतं. शहराबाहेर परक्या माणसांसाठी ठेवलेली ती जागा होती. भोवती कंपाउंड, आत नुसती रेती. नलिनी दगड सरळ करायची, वाऱ्याने आलेल्या पिशव्या उचलायची. मग आम्ही थोडा वेळ बसायचो. मी बाजारात काय आणायचं ते विचारायचो, ती सांगायची. कोथिंबीर, दही. घरातलंच बोलणं. असं पाच वर्षं.

मग भाईंदरला माझी आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. मला विचारायची हिंमत नव्हती. नलिनीनेच राजीनामा लिहिला. म्हणाली, "त्यांना नर्स लागेल. मी नर्स आहे."

शेवटच्या शुक्रवारी ती तिथून उठेचना. ऊन चढलं. मी म्हटलं, "नलू, टॅक्सीवाला थांबलाय."

ती म्हणाली, "अहो, मी रोज इतक्या पेशंटना सोडून घरी आले. हिलाच कसं सोडायचं ते मला येत नाहीये."

मी तिला हात दिला. ती उठली. गाडीत बसल्यावर सँडलमधली रेती झटकायला तिने पाय बाहेर काढला, आणि तसाच आत घेतला.

*

आता शेवटचा. हा नलिनी कधी सांगू द्यायची नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात भारी हाच.

मुंबईला विमान उतरलं. त्या दिवसांत आखातातून आलेल्या प्रत्येकावर कस्टमवाल्यांचा डोळा असायचा. आमच्या पुढच्या माणसाच्या बॅगा उपसून कपड्यांचा ढीग केला होता. बनियनच्या शिलाया चाचपून बघत होते. त्याची बायको रडत होती.

आमची पाळी आली. अधिकारी तरुण होता, मराठी होता. त्याने पासपोर्ट चाळला.

"आठ वर्षं?"

मी म्हटलं, "हो साहेब."

"मग आणलं असेल बरंच. मी उघडायच्या आत खरं सांगा. सोनं आहे?"

मी घाबरून खिसे चाचपू लागलो. काही नसताना! नलिनी प्रवासभर एक अक्षर बोलली नव्हती. ती पुढे झाली. दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली,

"होतं. तिथेच ठेवून आले."

अधिकारी खो खो हसला. शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस का रे? लोक तिकडून आणतात, या बाई तिथेच ठेवून आल्या!"

आणि बॅगा न उघडताच दोन्हींवर खडूने फुली मारून म्हणाला, "जा मॅडम. तुमच्याकडे काहीच नाही."