मोरू मास्तरांचा व्हिडिओ आणि पोशाचा उजेड

कुंभिवलीचा पोशा उजेडाचा धंदा करायचा. खालापूरपासून कर्जतपर्यंत त्याच्याबद्दल लोकांचं एकमत होतं. पोशाचे दिवे लागतात झकास, फक्त मंगलाष्टकं संपेपर्यंत टिकत नाहीत.

धंदा बापाचा. बाप लग्नाकार्याला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा. गावात वीज आली तेव्हा म्हाताऱ्याने तो स्वतःचा अपमान मानला. "लोकांनी बटन दाबलं का उजेड पडला, मंग आपुन काय काजवं इकायचं?" असं म्हणून तो ओटीवर जाऊन बसला, तो शेवटपर्यंत तिथेच बसला. पोशाने मात्र बत्त्या फुंकून टाकल्या, वायर घेतली, बल्ब घेतले, ट्यूबा घेतल्या, आणि पुढे मिरवायला दोन हॅलोजन घेतले. विजेचं शिक्षण त्याने झटके खाऊन पुरं केलं. कुठली वायर जिवंत आहे हे तो बोट लावून बघायचा, आणि मग जे तोंडातून निघायचं ते ऐकायला पोरं मुद्दाम मांडवात जमायची.

शेलूच्या एका लग्नात त्याने हॅलोजन इतका जवळ लावला की नवऱ्याच्या मुंडावळ्या करपल्या. नवरा घामाने न्हाला, नवरीला वाटलं हा पळून जायच्या विचारात आहे. नेरळला गणपतीपुढे त्याने रंगीत माळ सोडली आणि अख्खी आळी काळोखात गेली; लोकांनी आरती पाठ होती म्हणून म्हटली. तरीही बोलावणं पोशालाच. एक तर तो हाक मारली की यायचा. दुसरं म्हणजे दिवे गेले की त्याच्या शिव्यांवर वऱ्हाडाचा वेळ बरा जायचा.

त्याची बायको येसूबाई त्याच्याबरोबर कामाला असायची. वायर धरणं, शिडी धरणं आणि नवरा पडला तर बाजूला होणं, ही तिची कामं. तिला पोशाच्या कलेचं कौतुक नव्हतं. "उजेड पाडतंय म्हनं," ती विहिरीवर सांगायची, "आमच्या मोरीतला बल्ब दिवाळीपासून गेलाय."

सत्याऐंशी सालची गोष्ट. त्या साली मोरू मास्तरांना व्हिडिओचं वेड लागलं.

मोरू मास्तर म्हणजे खालापूरच्या ब्रास बँडचे मालक. क्लॅरोनेट वाजवायचे, मिशांना कलप लावायचे, आणि सोनेरी झालरीचा लाल डगला घालून पुढे चालायला लागले की नवरदेव कोण असा प्रश्न पडायचा. पण त्या सुमारास बँजो पार्ट्यांचं पेव फुटलं होतं. पोरांना बँजोवर नाचायचं होतं, क्लॅरोनेटवर नाही. मास्तरांनी डोकं लढवलं. आपल्या बँडच्या एका गाण्याची व्हिडिओ कॅसेट काढायची. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीवर बसवायचं, चहा द्यायचा आणि कॅसेट लावायची. टीव्हीत दिसणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणणार?

कॅमेरा होता नेरळच्या जयाकडे. जयाचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याने कुठूनतरी जुना व्हिडिओ कॅमेरा पैदा केला होता. त्याच्याबरोबर एक मोठा दिवाही होता. पण आदल्या आठवड्यात एका हळदीत कुणीतरी हळदीचं पाणी उडवलं, ते तापलेल्या दिव्यावर पडलं आणि दिवा बंदुकीसारखा फुटला. करवल्या अजून खोकत होत्या.

"उजेडाशिवाय काय खरं नाही मास्तर," जया म्हणाला. "काळोखात नुसत्या मुंग्या दिसतात पडद्यावर."

पोशा तिथेच चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली. "उजेड माझ्यावर सोडा. फकस्त कॅसेटीच्या सुरवातीला नावांची पाटी येते, तिच्यात माझं नाव पायजे. प्रकाशयोजना, पोशा, कुंभिवली."

हे नाव मागण्याला कारण होतं. इतकी लग्नं उजळली, पण एकाही अल्बममध्ये पोशा नव्हता. दिवेवाला नेहमी दिव्याच्या मागे. एका फोटोत त्याचं कोपर आलं होतं, ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

जया कबूल झाला. मास्तर कुरकुरत कबूल झाले, कारण दुसरा कुणी नव्हता.

जागाही पोशानेच शोधली. गावाबाहेरची भाताची गिरणी. आत भरपूर मोकळी, मागे पोत्यांची थप्पी, वर उंच कौलारू छप्पर. मुकादम ओळखीचा, आणि शुक्रवारी गिरणी बंदच असते. मालक पनवेलला जाणार होता. सगळं जुळून आलं.

माघातल्या त्या शुक्रवारी सकाळी बँड आला. लाल डगले, पांढऱ्या विजारी. सगळ्यांनी आपापली पितळी वाद्यं चिंचेने घासून अशी लखलखीत केली होती की त्यांच्यात तोंड बघून भांग पाडावा. पोशाने हॅलोजन उभे केले, वायर ओढली, प्लग खुपसला आणि ऐटीत बटन दाबलं.

काही झालं नाही.

त्याने बटन परत दाबलं. वायरीला बोट लावून बघितलं. झटका बसला नाही तेव्हा त्याचा चेहरा पडला.

येसूबाई दारात पोत्यावर बसली होती. "अवो, शुक्रवारी गिरनी बंद का असते, ते इचारलंत का कुनाला?"

"का असते?"

"लाईट नसते म्हनून."

पोशाने प्लग उपसून हातात घेतला. "मंग आदी नाय सांगायचं?"

"मला वाटलं तुमी उजेडाचं मानूस, तुमाला म्हायती असंल."

मास्तरांचा पारा चढला. बँडवाले हसायचं कसं दाबावं या विवंचनेत आपापल्या कर्ण्यात बघू लागले. जया म्हणाला, "बॅटरी एकदाच भरलीय काका. आवाज भरायला टेपरेकॉर्डर सेलवर चालेल, कॅमेरा बॅटरीवर चालेल. पण उजेड?"

पोशा गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिला. बाहेर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवेनात, आणि आत काळोख. एवढा माल फुकट बाहेर पडलाय आणि आपण आत हात चोळत बसलोय, हे बघून त्याला स्वतःच्याच धंद्याची शरम वाटली. मग तो एकदम वळला.

"येसू, आपल्या घरचा कपाटाचा आरसा काढून आन."

"माझ्या लग्नातला हाय तो."

"माझ्या बी लग्नातलाच हाय. आन."

त्यानंतर तासभर गावात लुटालूट चालली होती. न्हाव्याच्या दुकानातला आरसा आला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्यामागोमाग आलं. शाळेच्या बांधकामावरचे नवे पत्रे आले. घरोघरच्या पराती आल्या. एका म्हातारीने पूजेतलं तबक दिलं, पण चपला काढून धरायच्या अटीवर. जो बघायला आला त्याच्या हातात पोशाने काहीतरी चकाकतं दिलं आणि त्याला उन्हात उभं केलं. आरशांतून, पत्र्यांतून ऊन दारातून आत फेकलं जाऊ लागलं. भिंतींवर उजेडाचे तुकडे उंदरांसारखे पळायला लागले.

"हलवू नका रं! हात काय लटलट कापतात? दारू पिऊन आलाव का?" पोशा ओरडला.

"मग काय उपाशीपोटी परात धरायची?" असं बाहेरून उत्तर आलं.

तरीही जयाचं समाधान होईना. "वरून पण पाहिजे काका. मास्तरांच्या टोपीची सावली डोळ्यांवर पडते. मास्तरांच्या नुसत्या मिशाच दिसतात."

पोशाने वर बघितलं. शिडी लावली. छपरावर चढला आणि कौलं काढायला लागला.

मुकादम धावत आला. "ए पोशा! मालक माझी कातडी सोलंल!"

"परत लावतो रं! कौल म्हंजे काय दात हाय का, परत लागायचं नाय?"

मोकळ्या झालेल्या भोकातून उन्हाचा एक खांब सरळ खाली उतरला. गिरणीत वर्षानुवर्षांचा कोंडा, भुसा साचलेला. माणसांच्या वावराने तो हवेत उठला होता. त्या धुळीतून उजेड असा दिसायला लागला की हात लावला तर हाताला लागेल. जयाने कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि "आयला" एवढंच म्हणाला.

आता अडचण एकच उरली. चिंचेने घासलेलं पितळ. कर्णे हलले की ऊन त्यांच्यावरून उडून थेट कॅमेऱ्यात शिरायचं, आणि जया डोळे चोळत नेरळच्या बोलीतल्या निवडक शिव्या द्यायचा. पोशाने छपरावरूनच हुकूम सोडला, "कोंडा पान्यात कालवा आनि फासा."

"माझ्या वाद्यांना?" मास्तर किंचाळले. "मी बँड घेऊन आलोय, म्हशी नाय!"

पण सूर्य कुणासाठी थांबत नव्हता. वाद्यांना कोंडा फासला गेला. नुकती लख्ख झालेली वाद्यं नांगरणीहून आल्यासारखी दिसायला लागली. मास्तरांनी क्लॅरोनेट तेवढा छातीशी धरून वाचवला; तो तसाही काळाच होता.

गाणं सुरू झालं. पोशा छपरावर पालथा पडून भोकातून खाली बघत होता. त्याला वरून फक्त टोप्या दिसत होत्या. मास्तर उन्हाच्या खांबात उभे राहून वाजवत होते, पण ऊन सरकत होतं. मास्तरही सरकले. त्यांच्यामागे बँड सरकला, बँडमागे कॅमेरा. गाणं अर्ध्यावर आलं तोवर सगळी मिरवणूक पोत्यांच्या थप्पीला जाऊन टेकली आणि ट्रंपेटवाला पोत्यात घुसून वाजवत होता.

दारातला मोठा आरसा येसूबाईच्या हातात होता. त्यातला उजेड मास्तरांच्या तोंडावर ठेवायचा, एवढंच तिला सांगितलं होतं. ती बराच वेळ ठेवून होती. मास्तर तिच्याकडे बघून भुवया उडवत होते, म्हणजे नीट धर. तेवढ्यात तिला सगळ्यात मागे नागूबाबा दिसला.

नागूबाबा मोठा ढोल वाजवायचा. ढोल पोटावर, त्याच्यामागे नागूबाबा, त्यामुळे त्याला आजवर कुणी धड पाहिलंच नव्हतं. लोकांना वाटायचं ढोल आपला आपण चालतो. तोंडात दात नव्हते. वाजवताना डोळे मिटलेले, आणि ओठ आतल्या आत हलत होते, काहीतरी गोड चघळल्यासारखे. ढोलावर टिपरू पडलं की म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू यायचं, जणू दर वेळी नव्यानेच आवाज झाला.

येसूबाईने आरसा वळवला.

मास्तर काळोखात गेले. त्यांनी क्लॅरोनेट तोंडातच ठेवून डोळे वटारले, मान झटकली, पाय आपटला. येसूबाईने बघितलंच नाही. तिचं बघून परातवाल्यांनाही वाटलं हुकूम असेल. त्यांनीही पराती तिकडेच वळवल्या. नागूबाबाला उजेडाची ऊब लागली असावी. त्याने डोळे न उघडताच तोंड थोडं वर केलं आणि वाजवत राहिला. गाणं संपलं तेव्हा बॅटरीही संपली.

मास्तर सरळ येसूबाईवर धावून गेले. "मला का सोडलंत, वहिनी?"

"तुमी सारकं माज्याकडंच बघत व्हतात," ती म्हणाली. "म्हातारा वाजवत व्हता."

पोशा खाली उतरून ते ऐकत होता. आधी त्याचंही डोकं फिरलं. अख्ख्या गावासमोर बायकोने आपल्या योजनेची वाट लावली होती. वाटेत तो तिच्याशी बोलला नाही. आरसा मात्र स्वतः उचलून नेला, कारण तिचे हात भरून आले होते.

कौलं परत लागली नाहीत. म्हणजे लागली, पण पोशाने लावली तशी लागली. पावसाळ्यात गळायला लागली तेव्हा मालकाला ती सापडली, ती वेगळी भानगड.

काही दिवसांनी मास्तरांच्या अंगणात कॅसेट लावली. गाव लोटलं होतं. पडद्यावर पहिली पाटी आली, त्यात मास्तरांचं नाव तीनदा. मग पोशाचं नाव आलं: 'प्रकाशयोजना, पोपट, कुंभिवली.' गाव हसून हसून लोळलं. पोशा जयाच्या मानगुटीवर जायला उठला, तोवर गाणं सुरू झालं.

मास्तर आधी दिसले, मिशीसकट. मग त्यांची काळी आकृती झाली, नुसती बाहुली. आणि मागून, धुळीच्या त्या सोनेरी खांबाच्या कडेला, नागूबाबाचं तोंड उजळत गेलं. अंगणातला कालवा हळूहळू थांबला. बायका पुढे सरकल्या. "अगं, नागूबाबा किती सुंदर दिसतोय गं," कुणीतरी म्हणालं, आणि कुणी हसलं नाही. नागूबाबा स्वतः शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने विचारलं, "हा कोन म्हातारा?" कुणी सांगितलं तरी त्याला पटेना.

पोशा उभ्याचा खाली बसला. त्याने आयुष्यभर मांडव उजळले, कमानी उजळल्या, नवरदेव भाजले. पण माणूस उजळला तर असा दिसतो, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. आणि तो आरसा त्याच्या हातात नव्हता. त्याने बाजूला बसलेल्या येसूबाईकडे चोरून बघितलं. ती पडद्याकडे बघत शेंगा सोलत होती.

"बरं धरलंस," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"काय नाय."

दुसऱ्या दिवसापासून तो टपरीवर सांगायला लागला, की म्हाताऱ्यावर उजेड टाकायचा हे आपण आधीपासून ठरवलं होतं, फक्त मास्तरांना सांगितलं नव्हतं. येसूबाईच्या कानावर ते गेलं. ती नुसती हसली. पोशाला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मास्तर महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. पण त्या साली सुपाऱ्या आल्या, नेरळहून आल्या, पार कर्जतच्या पलीकडून आल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाईक चहा पिऊन, कॅसेट बघून एकच विचारायचं, "ढोलवाला म्हातारा येनार ना?" मास्तर दात खात हो म्हणायचे. वरातीत नागूबाबाला पुढे आणावं लागलं. क्लॅरोनेट त्याच्या बाजूने चालायला लागला, आणि पोशाच्या ट्यूबा आपल्या सवयीने मध्येच गेल्या तरी ढोल काही थांबायचा नाही.